न दुखणारे दुखणे

दात दुखू लागला, की माणूस रात्री दहा वाजतासुद्धा दंतवैद्याचे दार ठोठावतो. पायात काटा मोडला, तर तो निघेपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नाही. वेदना ही देहाने घातलेली हाकच असते आणि त्या हाकेला ओ देण्याची सवय आपल्याला जन्मापासून लागलेली असते. पण एक दुखणे असे आहे, की ते हाक मारीतच नाही. दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे ते अंगात बिऱ्हाड करून राहते आणि घरधन्याला त्याचा पत्ताही नसतो. मग एखाद्या पहाटे तोंड वाकडे होते, हातातला तांब्या गळून पडतो आणि सारे घर म्हणू लागते, "काल रात्रीपर्यंत तर धडधाकट होते हो!"

हे दुखणे म्हणजे वाढलेला रक्तदाब. आपण बोलताना "त्यांना बीपी आहे" असे सहज म्हणून जातो. वास्तविक बीपी प्रत्येकालाच असते. ज्याला नसते त्याला चौघे मिळून खांदा देतात! प्रश्न असतो तो बीपी किती आहे याचा.

मी पुण्यात गेली सव्वीस वर्षे डॉक्टरकी करते. त्यांतली अकरा वर्षे महिन्यातला एक रविवार मी भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांतल्या खेड्यांसाठी राखून ठेवला आहे. वेल्ह्याला राजगड तालुका हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळले, की नसरापूर, मार्गासनी, विंझर करीत गाडी डोंगरांत शिरते. डाव्या हाताला राजगड आणि समोर तोरणा. पावसाळ्यात दोन्ही बाजूंना भातखाचरे भरलेली असतात आणि इंद्रायणी तांदळाचा वास काढणीच्या दिवसांत गाडीत येतो. दुसऱ्या खेपेला कापूरहोळवरून भोरकडे वळायचे आणि भाटघरच्या पाण्याच्या कडेकडेने पुढे जायचे. एखाद्या मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात सतरंजी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि रक्तदाबाचे यंत्र एवढा आमचा दवाखाना.

तिथे मला दर खेपेला एकच प्रश्न ऐकू येतो. "डाक्टरीणबाई, माझं काय बी दुखत न्हाई. मंग गोळी कशापायी खायाची?" आणि गंमत पाहा, सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात परतले, की एखादे निवृत्त अधिकारी चष्मा पुशीत हाच प्रश्न शुद्ध भाषेत विचारतात, "मला तसा काहीच त्रास नाही. मग गोळ्यांची सवय कशाला लावून घ्यायची?"

प्रश्न अगदी वाजवी आहे. त्याला नीट उत्तर मिळाले नाही, म्हणून माणसे गोळ्या सोडतात. त्याचे उत्तर देता यावे, एवढ्यासाठीच हा लेखाचा खटाटोप.

धरणाचे दरवाजे

भोरजवळ येळवंडी नदीवर भाटघरचे धरण आहे. १९२०च्या दशकात ते बांधून पुरे झाले, तेव्हा त्याला लॉइड धरण म्हणत. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले, की आपोआप उघडणारे दरवाजे त्याला बसवलेले आहेत. रक्तदाब समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. त्या भागातल्या प्रत्येकाने ते दरवाजे पाहिलेले असतात.

आपले हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक वेळी रक्त रोहिणींमध्ये ढकलते. ढकलताना रोहिणीच्या भिंतीवर जो दाब पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावते, तेव्हा जो दाब उरतो तो खालचा. १२० आणि ८०च्या आसपास हे आकडे असले, की रोहिणी सुखात असतात. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही ते १४० किंवा ९०च्या वरच राहू लागले, की त्याला वाढलेला रक्तदाब म्हणायचे. दोहोंपैकी एक आकडा वाढला तरी पुरे. खालचा ठीक आहे, म्हणून वरच्याकडे काणाडोळा करून चालत नाही.

मग आपले दरवाजे कोणते? तर मूत्रपिंडे. रक्तात मीठ आणि पाणी जास्त झाले, दाब चढला, की मूत्रपिंडे जादा मीठपाणी लघवीवाटे सोडून देतात आणि पातळी खाली येते. तरुणपणी हे काम बिनबोभाट चालते. पण वय वाढले, आईबापांकडून तसा वारसा आला, वजन चढले, किंवा ताटात रोज मिठाचा पूर येऊ लागला, की हे दरवाजे पूर्वीच्या पातळीला उघडेनासे होतात. दाब चढून बसतो आणि शरीर त्यालाच आपली नेहमीची पातळी मानू लागते. म्हणूनच काही दुखत नाही! धरणाच्या भिंतीला तरी कुठे वेदना होतात?

नुकसान मात्र रोज होत असते. जास्त दाबाखाली रोहिणींच्या भिंती जाड आणि ताठर बनतात. हृदयाला अधिक जोर लावावा लागतो, म्हणून त्याचे स्नायू जाडावतात आणि पुढे थकतात. मूत्रपिंडांतल्या बारीक गाळण्या बिघडतात, डोळ्यांच्या पडद्यावर डाग पडतात. आणि मेंदूतली एखादी नाजूक रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, की अर्धांगवायू. आमच्या खेड्यांत त्याला "वारं गेलं" म्हणतात. हे वारे बाहेरून येत नाही. ते वर्षानुवर्षे आतच साठत आलेले असते.

कष्टकऱ्याला होत नाही म्हणतात!

रक्तदाब हा गादीवर बसणाऱ्यांचा आजार, अशी आपल्या सर्वांची समजूत. तोरण्याच्या पायथ्याशी दोन-दोन हंडे डोक्यावर घेऊन चढणाऱ्या बाईला कसला आलाय रक्तदाब, असे मलाही कोणी कोणी सुनावतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या भारतीयांपैकी शंभरातल्या २४ पुरुषांना आणि २१ स्त्रियांना वाढलेला रक्तदाब असल्याचे किंवा त्यासाठी त्या गोळ्या घेत असल्याचे आढळले. म्हणजे चार-पाच माणसांत एक. हा आकडा साऱ्या देशाचा, खेड्यांसह. शहर आणि खेडे यांतले अंतर या बाबतीत आता फारसे उरलेले नाही.

खेड्यातल्या कष्टांनी वजन आटोक्यात राहते, हे खरे. पण वय कोणालाच चुकत नाही. भोर-वेल्ह्याची तरणी पोरे कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेली आणि गावात साठीच्या पुढची माणसे राहिलेली. शिवाय दोन गोष्टी अशा, की पुण्याच्या माणसाला त्या चटकन सुचणार नाहीत.

पहिली मिश्री. तंबाखू तव्यावर भाजून, कुटून केलेली ही काळी पूड बायका दातांना लावतात. नाव दात घासण्याचे, पण एकदा लावली की अर्धा-अर्धा तास ती तोंडातच असते, आणि तीही दिवसातून तीन-चार वेळा. "तुम्ही तंबाखू खाता का?" असे विचारले, तर बाई खरेपणाने "न्हाई" म्हणते, कारण मिश्री म्हणजे तंबाखू हे तिच्या हिशेबातच नसते. "मिश्री लावता का?" असे विचारावे लागते. प्रत्येक वेळी तंबाखूतले निकोटिन रक्तात उतरते, नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आकसतात.

दुसरी गोष्ट अंगदुखीची गोळी. भातलावणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चिखलात वाकून उभे राहिले, की कंबर धरते. मग दुकानातून लाल-पांढऱ्या गोळ्यांचे पाकीट येते आणि महिनाभर रोज एक-दोन गोळ्या पोटात जातात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी शरीरात मीठपाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि तो उतरवणाऱ्या औषधांचा जोर कमी होतो. वाचकहो, हे केवळ खेड्यापुरते नाही. गुडघे दुखतात म्हणून घरात अशा गोळ्यांची बाटली भरून ठेवणाऱ्या आजीबाई सदाशिव पेठेतही पुष्कळ आहेत! रक्तदाब असेल, तर अशी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

घाट चढून आलेले मीठ

मावळातल्या माणसाला मिठाची किंमत ठाऊक होती. समुद्र डोंगरापलीकडे. कोकणातल्या मिठागरांतले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटवाटांनी वर येई. शिवाजीमहाराजांच्या राज्यात मिठाच्या व्यापाराला केवढे महत्त्व होते, हे त्यांच्या १६७१ सालच्या पत्रावरून दिसते. पोर्तुगीजांच्या बारदेशातले स्वस्त मीठ येऊन आपल्या मुलखातल्या मिठाचा धंदा बसू नये, म्हणून त्यावर जबर जकात बसवण्याचा हुकूम त्यांनी कुडाळच्या सरसुभेदारांना दिला होता. असे महागामोलाचे मीठ माणसे चिमटीने वापरीत.

आज मीठ स्वस्त झाले आहे आणि चिमटीची मूठ झाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि तो भाजी-आमटी, भाकरी, लोणचे, पापड सारे धरून. आपण भारतीय साधारणपणे याच्या दीडपट ते दुप्पट खातो. रक्तदाब वाढलेल्या माणसाने मीठ रोज चार-पाच ग्रॅमनी कमी केले, तर वरचा आकडा सरासरीने पाचेक अंशांनी उतरतो, असे अनेक प्रयोगांचा हिशेब सांगतो. पाच म्हणजे थोडे वाटते, पण बिनखर्चाचे आहे.

खेड्यात हे मीठ कुठून येते? खरड्यातून, सुकट-बोंबलातून, कालवणाच्या रश्श्यातून आणि भातावर वरून घेतलेल्या चिमटीतून. शहरात ते कुठून येते, हे मात्र शहरवाल्यांनाच दिसत नाही. ताटात वरून मीठ न घेणारे गृहस्थ सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी ब्रेड, संध्याकाळी फरसाण आणि रात्री पापड अशा चोरवाटांनी मीठ खात असतात. आणि दिवाळी म्हणजे तर काय! चिवडा, शेव, चकली, कडबोळी. पापडखार आणि खाण्याचा सोडा खारट लागत नसला, तरी मिठातला जो सोडियम अपाय करतो, तोच त्यांतही असतो.

गृहिणींसाठी तीन युक्त्या सांगते. मीठ एकदम तोडू नका. दर आठवड्याला थोडे थोडे कमी करा. महिना-दीड महिन्यात जीभ सरावते आणि मग शेजारच्या घरची आमटीच खारट लागू लागते. मिठाची उणीव लिंबू, कोकम, लसूण, जिरे, ओले खोबरे यांनी भरून काढा. लोणचे, पापड आणि चटणी या तिघांपैकी एका जेवणाला एकच, असा नियम करा.

"आम्ही सैंधवच वापरतो" असे पुष्कळ जण समाधानाने सांगतात. सैंधव हेही मीठच. त्यातही बहुतांशी तोच सोडियम. रंगाने ते गुलाबी झाले, म्हणून रोहिणीला फसवता येत नाही. बाजारात हल्ली पोटॅशियम घातलेले कमी सोडियमचे मीठ मिळते. ते पुष्कळांना चांगले; पण मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनी आणि काही ठराविक रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये.

मिठाखालोखाल वजन, चालणे आणि दारू. साधारण एक किलो वजन उतरले, की दाब सुमारे एका अंशाने उतरतो. आठवड्याला निदान दीडशे मिनिटे झपझप चालावे. दारू जितकी कमी तितकी बरी आणि मुळीच नसेल तर उत्तम.

मोजणे हीसुद्धा एक कला

१७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या रोहिणीत नळी खुपसून रक्त किती उंच चढते, हे पाहिल्याचे प्रसिद्ध केले. माणसावर तो प्रयोग करणे कठीणच! १८९६ साली इटलीतल्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा काढला आणि १९०५ साली कोरोत्कोफ या रशियन शल्यवैद्याने त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून कोणते आवाज ऐकायचे ते दाखवले. तेव्हापासून दोन्ही आकडे सुईवाचून कळू लागले. पाऱ्याची यंत्रे आता मागे पडत आहेत, कारण पारा विषारी. त्यांच्या जागी दंडाला बांधायची स्वयंचलित यंत्रे आली आहेत. ती घरी वापरता येतात; मनगटाच्या यंत्रापेक्षा दंडाचे यंत्र घ्यावे.

पण यंत्र खरे बोलायला हवे असेल, तर माणूस नीट बसला पाहिजे. आमच्या सभामंडपात लोक चढण चढून धापा टाकीत येतात आणि बसताच हात पुढे करतात. मी त्यांना आधी पाच मिनिटे नुसते बसवते. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक टाकलेले नाहीत. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. पट्टा बाहीवरून नव्हे, उघड्या दंडावर. आधीच्या अर्ध्या तासात चहा नाही, विडी नाही, मिश्री नाही. लघवी तुंबवून बसायचे नाही. आणि मोजताना बोलायचे नाही. ही शेवटची अट सर्वांत अवघड! मध्येच कोणी "यंदा पीक कसं काय?" म्हणाले, की उत्तर देताना आकडा चढलाच. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी धरावी.

काही जणांचा दाब पांढरा डगला दिसला की चढतो. त्यांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून वहीत लिहावे आणि वही डॉक्टरांना दाखवावी. घरी १३५ किंवा ८५च्या वर सरासरी असेल, तर तो वाढलेलाच समजायचा. उलट माझे एक पुणेरी रुग्ण दिवसातून वीस वेळा मोजतात आणि प्रत्येक आकड्यागणिक काळजीने आणखी चढतात. त्यांना मी सांगितले, की यंत्र आठवडाभर सुनेच्या कपाटात ठेवा. रक्तदाब दिवसभर चढत-उतरत असतो. एका आकड्याने हुरळून जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

गोळी कशापायी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळी कशासाठी? १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट खुर्चीत बसलेले असताना "डोके भयंकर दुखते आहे" म्हणाले आणि कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३. त्यांचा रक्तदाब तेव्हा ३०० आणि १९० नोंदला गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाजवळ उत्तम डॉक्टर होते, पण त्या डॉक्टरांजवळ दाब उतरवणारी चांगली गोळी नव्हती.

पहिल्या गोळ्यांपैकी एकीचा रस्ता आपल्याच देशातून गेला, हे आपल्याला अभिमानाचे आहे. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिले होते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रुग्णांवर तिचा पद्धतशीर अभ्यास करून १९४९ साली तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि साऱ्या जगाचे लक्ष त्या मुळीकडे वेधले. १९५२ साली तिच्यातले रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिनने काही रुग्णांचे मन उदास होते असे दिसले, अधिक सोयीची औषधे निघाली आणि ते मागे पडले. तेव्हा कोणी मुळी आणून उगाळू नये. पण ज्या काळी रूझवेल्टसारख्यालाही उपाय नव्हता, तो काळ संपवण्यात मुंबईच्या एका डॉक्टराचा हात होता, एवढे लक्षात असू द्यावे.

आज अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी स्वस्त आणि पारखलेली औषधे आहेत. सरकारी दवाखान्यांतून ती मोफत आणि जनऔषधी दुकानांतून थोडक्या पैशांत मिळतात. वरचा आकडा १० अंशांनी उतरला, तर अर्धांगाचा धोका सुमारे पावपट कमी होतो. "काही दुखत नाही, मग गोळी कशापायी?" याचे उत्तर हेच: गोळी दुखणे थांबवायला नाही, पुढचे दुखणे येऊ नये म्हणून आहे. शेताचा बांध आपण पाऊस पडण्यापूर्वी घालतो ना? तसेच हे.

"पण सवय लागते!" सवय गोळीची लागत नाही; आजार कायमचा असतो, म्हणून गोळी कायमची. चष्मा काढला की दिसेनासे होते, म्हणून आपण चष्म्याला बोल लावीत नाही. गोळीने आकडा १३० झाला, म्हणजे आजार गेला असे नव्हे. गोळी तिचे काम करीत आहे, एवढाच त्याचा अर्थ. इथेच माणसे फसतात.

वेल्ह्याच्या वाटेवरच्या एका गावातले एक आजोबा मला आठवतात. साठीचे, काटक, विनोदी. दोन वर्षे गोळीने त्यांचा दाब उत्तम राहिला. आषाढात लावणीची घाई, पाऊस कोसळलेला, तालुक्याला जायला दिवस मोडायचा. पाकीट संपले. "आकडा तर चांगलाय," म्हणून त्यांनी दोन महिने गोळी सोडली आणि कंबरेसाठी वेदनाशामक गोळ्या मात्र घेतल्या. श्रावणात त्यांचे वारे गेले. उजवा हात आणि बोलणे दोन्ही गेले. मी भेटायला गेले, तेव्हा ते पडवीत बसले होते. सुनेने सांगितले, की पुण्यातली दोन मुले आळीपाळीने येतात, एकाची नोकरी त्यात गेली, बैलजोडी विकली. आजोबांनी डाव्या हाताने रिकाम्या पाकिटाकडे बोट दाखवले आणि कपाळावर हात मारला. त्यांना जे म्हणायचे होते, ते साऱ्या गावाला कळले. त्या गावात नंतर कोणी मला "गोळी कशापायी" असे विचारले नाही.

यात आजोबांचा दोष काढणे सोपे आहे. पण पाकीट संपले तेव्हा नवे पाकीट त्यांच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर होते, हे विसरू नये. या दुखण्याचे अर्धे औषध गोळीत असते आणि अर्धे ती वेळेवर हाती पडण्यात. नीरा ओलांडली, की सातारा जिल्हा लागतो. २०१७ च्या नोव्हेंबरात देशातल्या पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, त्यांत महाराष्ट्राचे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्या उपक्रमाची सूत्रे साधी आहेत. सगळीकडे ठरलेल्या क्रमाने ठरलेली मोजकी औषधे. महिनाभराच्या गोळ्या एकदम. त्या घराजवळच्या उपकेंद्रातच मिळायच्या. परिचारिका आणि आशाताई यांनी मोजमाप करायचे. आणि जो ठरल्या दिवशी आला नाही, त्याचा शोध घ्यायचा. यात नवा शोध काहीच नाही, पण काम नेटके. २०२२ साली संयुक्त राष्ट्रसंघाकडून या उपक्रमाला पुरस्कार मिळाला. आमच्या छोट्या टोळक्यानेही हेच सूत्र उचलले: आता आम्ही ज्येष्ठातच लावणीपुरत्या गोळ्या देऊन ठेवतो.

गोळीने पाय सुजले, खोकला आला, उठताना चक्कर आली, तर गोळी मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा. दुसरी गोळी असते. एखाद्या दिवशी विसरलात, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. मूल होण्याचा विचार असलेल्या किंवा गर्भवती सुनेने-लेकीने ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण टेल्मिसार्टनसारखी काही औषधे गरोदरपणी चालत नाहीत. आणि शेजाऱ्याची गोळी शेजाऱ्यालाच राहू द्या.

वेळ आली तर

एका बाजूचे तोंड वाकडे झाले, एक हात किंवा पाय लुळा पडला, शब्द बोबडे आले, की समजावे मेंदूवर घाला आला. पायाला तेल चोळणे, कांदा हुंगवणे, सकाळपर्यंत वाट पाहणे, यांत अमोल वेळ जातो. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. वेल्ह्यापासून पुणे साठेक किलोमीटर. म्हणजे अर्धा तासही दवडण्याजोगा नाही. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. तोंडात पाणी किंवा गोळी घालू नये. गिळता येत नसेल तर ती श्वासनलिकेत जाते. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच असतो. छातीत दाबल्यासारखे दुखले, दम लागला, तरी हीच घाई.

या दिवाळीत

हा अंक हाती पडेल, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ घरांतून गावाकडे जाण्याची तयारी चालू असेल. कोणी भोरला, कोणी नसरापूरला, कोणी पानशेतच्या अंगाला. आईला लुगडे, वडिलांना धोतरजोडी, फराळाचे डबे, सारे बांधून होईल. त्यात आणखी एक लहानशी वस्तू टाकावी, ती म्हणजे दंडाचे रक्तदाब मोजायचे यंत्र. पाडव्याच्या सकाळी, अभ्यंगस्नान आणि चहा यांची गडबड निवली, की घरातल्या तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला पाच मिनिटे शांत बसवून मोजावे. आईचे आधी, कारण तीच "माझं काय दुखतंय?" म्हणून पदर खोचून आत निघून जाते.

आकडा वाढलेला दिसला, तर घाबरू नका आणि तिथल्या तिथे कोणाची गोळी देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, लिहून ठेवा आणि परतण्यापूर्वी त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा. पण १८० किंवा १२०च्या वर आकडा दिसला, तर पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजा. तरीही तेवढाच असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोळी आधीच चालू असेल, तर डबा उघडून पाहा: पाकिटात किती गोळ्या उरल्या आहेत आणि पुढचे पाकीट कोण, कोठून, कोणत्या तारखेला आणणार आहे? हे एका कागदावर लिहून देवघराच्या भिंतीला लावा. मनिऑर्डर पाठवणाऱ्या मुलापेक्षा पाकिटातल्या गोळ्या मोजणारा मुलगा मी अधिक गुणी समजते.

आणि हो, चकलीच्या भाजणीत मीठ घालताना हात जरा आखडता घ्या. चकली बिघडत नाही. मी करून पाहिली आहे.